दुसऱ्या डॉक्टरला विचारणे हा गुन्हा नाही

आजार माणसाची जात पाहत नाही, असे म्हणतात. ते खरे असेल. परंतु उपचार मात्र माणसाचा खिसा पाहतात, शिक्षण पाहतात आणि डॉक्टरच्या टेबलासमोर तो किती धीटपणे बोलतो तेही पाहतात. शहरातल्या सुशिक्षित घरात बायकोच्या पोटात गाठ निघाली तर नवरा दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट घेऊन आणखी एका तज्ज्ञाकडे जातो. त्यात कोणालाच वावगे वाटत नाही. सांगोला तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरचा शेतमजूर मात्र ‘लगेच ऑपरेशन करावे लागेल, पैशाची सोय करा’ हे वाक्य ऐकतो, हात जोडतो आणि सोय करायला बाहेर पडतो. कशाचे ऑपरेशन, कशावरून, नाही केले तर काय होईल, यातला एकही प्रश्न त्याच्या तोंडून फुटत नाही. ‘डॉक्टर रागावले तर? पुन्हा हातच लावला नाही तर?’ ही भीती त्याची वाचा बंद करते.

ही भीती त्या एकट्याची नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाटील, तलाठी, सावकार यांच्या दारात मान खाली घालून उभे राहावे लागलेल्या समाजाची ती भीती आहे. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या शब्दाला उलट विचारायचे नाही, हे आपल्याला शिकवले गेले. बाबासाहेबांनी ती मान वर केली. कचेरीत, कोर्टात, सभेत आपण प्रश्न विचारू लागलो. दवाखान्याच्या दारात मात्र ती जुनी सवय अजून सुटलेली नाही. जोडीदार अंथरुणाला खिळलेला असताना या सवयीची किंमत जिवाने किंवा जमिनीने मोजावी लागते.

कोयत्याने दिलेला धडा

ही किंमत किती मोठी असते, हे बीड जिल्ह्याने साऱ्या देशाला दाखवले. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. बायको आजारी पडून फडात आली नाही की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. मग पांढरे जाणे, पोटदुखी, अंगावरून जाणे अशा तक्रारी घेऊन जोडपे दवाखान्यात गेले की ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हा सल्ला मिळे. २०१९ साली हे प्रकरण गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींचे वय चाळिशीच्याही आत होते.

या आकड्यांतली प्रत्येक शस्त्रक्रिया विनाकारण होती, असे कोणी म्हणणार नाही. काहींना तिची गरज असेलही. परंतु गरज कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे ठरवायला दुसरा डॉक्टर मध्ये असायला हवा होता आणि तोच बहुतेक ठिकाणी नव्हता. गवगवा झाल्यावर बीडच्या प्रशासनाने खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. म्हणजे दुसऱ्या मताची गरज सरकारनेच मान्य केली. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना बजावले. दुष्काळी माणदेशातूनही जोड्या ऊसतोडीला जात आल्या आहेत. सांगोल्याच्या माणसाने बीडचे दुःख परके मानण्याचे कारण नाही.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

दुसरे मत मागणे म्हणजे डॉक्टरचा अपमान, हा समज कायद्याला मान्य नाही. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सांगते की, आजार गंभीर, अवघड किंवा शंकास्पद असेल तर डॉक्टरने स्वतःच दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला मागावा. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत कागदपत्रे दिली पाहिजेत, हेही त्याच संहितेत आहे. केसपेपरच्या प्रती रुग्णाला नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रहेजा प्रकरणात स्पष्ट केले होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवला आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. दवाखान्यात गेल्यावर भिंतीवर ती सनद आहे का, एवढे तरी आपण पाहतो का?

सांगोल्यातून जायचे कुठे?

हक्क कागदावर आहे, पण गाडीभाडे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. दुसरे मत म्हणजे पुण्या-मुंबईचा महागडा तज्ज्ञच, असे मात्र नाही. सांगोल्याचे ग्रामीण रुग्णालय आणि पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. त्यापुढे सोलापूरचे सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. रेल्वेने मिरजेला गेले तर तिथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकवण्याच्या रुग्णालयात रांग लांब असते, बोलणे तुसडे असते, हे सगळे कबूल. पण तिथल्या पगारी डॉक्टरला तुमचे ऑपरेशन केल्याने जादा बिल लावायचे नसते, हा मोठा फरक आहे.

कॅन्सरचा संशय असेल तर आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. त्याहून पुढे परळचे टाटा.

पहिल्या डॉक्टरनेच चिठ्ठी देऊन ‘अमक्याकडेच जा’ म्हटले तर ते मत स्वतंत्र असेलच असे नाही. ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द आता खेड्यातही ठाऊक आहे. म्हणून दुसरा डॉक्टर आपण निवडावा, शक्यतो सरकारी निवडावा. आणि ऑपरेशन ठरलेच तर पैसे उभे करण्याआधी ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. २ जुलै २०१२ रोजी ही योजना राजीव गांधींच्या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तरीही आज माणसे आधी दागिने मोडतात आणि मग योजनेची चौकशी करतात.

आधी कागद, मग गाडी

रिकाम्या हाताने दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्यात अर्थ नाही. तो सगळ्या तपासण्या नव्याने करायला लावील आणि खर्च दुप्पट होईल. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयच्या फिल्म आणि सीडी, चालू गोळ्यांची पाकिटे हे सगळे तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत ठेवावे. गाठीचा तुकडा तपासला असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबमधून त्या तुकड्याचा मेणातला ‘ब्लॉक’ आणि काचेच्या स्लाइड मागून घ्याव्यात. मोठ्या रुग्णालयात त्याच पुन्हा पाहिल्या जातात.

आणि प्रश्न लिहून न्यावेत. रोगाचे नाव काय? ते कोणत्या तपासणीवरून ठरले? ऑपरेशनशिवाय दुसरा इलाज आहे का? काहीच केले नाही तर काय होईल? किती दिवस थांबलेले चालेल? एकूण खर्च किती? दोन डॉक्टरांची मते जुळली तर मनातला किंतू जातो आणि उपचार धीराने होतो. मते जुळली नाहीत तर दोघांनाही कारण विचारावे आणि मोठ्या शासकीय रुग्णालयात तिसऱ्यांदा दाखवावे. मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत दारोदार हिंडणे मात्र घातक आहे. त्यात पैसा जातो आणि आजारही वाढतो.

काही वेळा तर थांबायचेच नसते. छातीत कळ, अर्धांगवायूचा झटका, सर्पदंश, अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव अशा वेळी जवळचे रुग्णालय हेच पहिले आणि शेवटचे मत. तसेच देवऋषी, अंगारेवाला बाबा, मांत्रिक यांचे म्हणणे हे दुसरे मत नव्हे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉक्टरला प्रश्न विचारणाऱ्याने बाबालाही तोच प्रश्न विचारावा : कशावरून?

तिला विचारले का?

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला आहे. नवरा आजारी पडला तर घर गहाण पडते. बायको आजारी पडली तर आधी ती अंगावर काढते, मग ‘बाईचे दुखणे’ म्हणून गावातच गोळ्या दिल्या जातात आणि जिवावर बेतल्यावर गाडी होते. तिथेही सही नवऱ्याची, बोलणे नवऱ्याशी. जिच्या शरीरावर सुरी चालणार, ती बाहेर बाकावर बसलेली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सांगितले की, जाणत्या रुग्णाची स्वतःची संमती हवी. तातडीचा प्रसंग नसेल तर तिच्या वतीने दुसऱ्याने दिलेला होकार चालणार नाही. त्या प्रकरणात तर संमती आईची होती, तरी ती चालली नाही. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, असे सांगितले होते. ती बरोबरी दवाखान्यातही पाळली गेली पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याआधी तिचे पहिले मत घ्या.

चळवळीने यात काय करावे? आपल्या प्रत्येक वस्तीत आज एखादी परिचारिका, एखादा फार्मसिस्ट, लॅब टेक्निशियन, निदान आशाताई तरी आहे. आजाऱ्याच्या जोडीदाराबरोबर अशा एका जाणत्या माणसाने जावे, प्रश्न विचारावेत, उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. विहारातल्या रविवारच्या बैठकीत दहा मिनिटे रुग्णहक्कांची सनद मोठ्याने वाचावी. यासाठी मोर्चा नको, वर्गणी नको. डॉक्टरसमोर एकटा उभा असलेला आपला माणूस एकटा राहणार नाही, एवढेच यातून साधायचे आहे. तो एकटा नसला की त्याच्या तोंडून प्रश्न फुटेल.