हिरव्या रक्ताची नोंद कुठे?

गणपतीला मुंबईचे चाकरमानी पोलादपूरकडच्या वाड्यांवर उतरले की पडवीत चार-पाच पोरं मोबाइल आडवा धरून बसलेली दिसतात. रेंज धड कुठे मिळते, तो कोपरा सगळ्यांना पाठ असतो. गेम उघडायला जावं तर तो आधी अपडेट मागतो. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि ती भरल्याखेरीज खेळता येत नाही. तिच्यातून नवी बंदूक येते, नवा नकाशा येतो, नवे कपडे येतात. आधीपासून असलेलं काहीतरी निघूनही जातं, आणि ते बऱ्याचदा कुणाच्या ध्यानात येत नाही.

पबजी या गोळीबाराच्या खेळाच्या बाबतीत मात्र ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. २०१९ मध्ये एका शाळकरी मुलाच्या वतीने पबजीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. हा खेळ हिंसा शिकवतो, अशी तक्रार होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पबजी मोबाइलही गेलं. त्यामागचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं. पण क्राफ्टन या कोरियन कंपनीने परत येताना हिंसेच्या तक्रारीचाही विचार केला. २ जुलै २०२१ रोजी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे पोरांच्या तोंडी 'बीजीएमआय', आलं तेव्हा गोळी लागल्यावर उडणारं रक्त हिरवं होतं. 'किल'च्या जागी 'फिनिश' आलं. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा पडली. जुलै २०२२ मध्ये हेही अ‍ॅप बंद झालं आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परतलं.

चीनमध्ये तर मेलेला माणूसच राहिला नाही. मे २०१९ मध्ये तिथे पबजी मोबाइलच्या जागी नवा खेळ आला. त्यात गोळी लागलेला खेळाडू गुडघे टेकतो, आपली पेटी पुढे ठेवतो, हात हलवून निरोप घेतो आणि अंतर्धान पावतो.

बारा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन देणाऱ्या आईबापांची काळजी खरी असते. तिच्यापोटी रक्ताचा रंग बदलला, वेळेला लगाम घातला, तर त्यात वावगं काही नाही. शिवाय क्राफ्टनने हे बदल आधी जाहीर केले होते. लोकांनी त्यांची चेष्टा केली, कुणी राग काढला, कुणी बरं झालं म्हणालं. बदल उघड होता म्हणूनच त्यावर बोलता आलं.

पूर्वी खेळ डिस्कवर किंवा कार्ट्रिजमध्ये यायचा. एकदा दुकानातून घरी आला की कंपनीचा त्यावर हात चालत नसे. २००२ मध्ये आलेल्या 'हिटमॅन २'मध्ये अमृतसरच्या हरमंदिर साहिबसारख्या दिसणाऱ्या जागी शिखांना मारण्याचा प्रसंग होता. जिथे १९८४ मध्ये प्रत्यक्ष रक्त सांडलं, तिथे भाडोत्री मारेकऱ्याचा खेळ मांडणं शीख समाजाला असह्य झालं, आणि ते होणारच होतं. पुढे हा भाग काढलेली आवृत्ती बाजारात आली. पण ज्यांच्या घरी आधीची डिस्क होती त्यांच्याकडे ती तशीच राहिली. त्यामुळे मूळ खेळात काय होतं आणि शिखांनी आक्षेप कशावर घेतला, हे आजही ताडून पाहता येतं.

आता खेळ इंटरनेटवरून येतो आणि इंटरनेटवरूनच बदलतो. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या २००९ च्या एका भागात एका घराच्या न्हाणीघरात टांगलेल्या चित्राच्या चौकटीवर अरबी अक्षरांत पैगंबरांचं वचन होतं. न्हाणीघरात ते असणं मुस्लिम खेळाडूंना खुपलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे खेळ विकला गेल्यावर तीन वर्षांनी, कंपनीने तो नकाशाच काही काळ मागे घेतला आणि दुरुस्त करून परत दिला. ही चूक चित्र रंगवणाऱ्याच्या अज्ञानाची असावी आणि ती सुधारणं योग्यच होतं. जून २०२० मध्ये पबजी मोबाइलमध्ये खेळाडू एका मूर्तीसमोर झुकून शक्ती मिळवतो असा प्रकार आला. अरब देशांतून ओरड झाली. कंपनीने माफी मागून तो काढला.

पण याच सोयीचा वापर वेगळ्या तऱ्हेनेही होतो. 'स्कलगर्ल्स' हा मारामारीचा खेळ २०१२ पासून विकला जात होता. जून २०२३ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी जुनी चित्रं, काही चिन्हं आणि प्रसंग आजच्या जाणिवेला धरून नाहीत म्हणून बदलले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. लोकांनी वेगळे पैसे देऊन घेतलेल्या डिजिटल चित्रपुस्तकातूनही चित्रं गेली. 'जीटीए'च्या तीन जुन्या खेळांची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तेव्हा एका पात्राच्या अंगावरच्या सदऱ्यावरचा, अमेरिकेतल्या गुलामगिरीवादी राज्यांचा झेंडा पुसला गेला. त्याच सुमारास जुन्या आवृत्त्या विक्रीतूनही काढल्या होत्या. खेळाडूंनी गदारोळ केला, तेव्हा कंपनीने त्या पुन्हा विकायला ठेवल्या.

तो झेंडा कुणाला नको असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण २००० नंतरच्या दशकात एका मोठ्या कंपनीला तो आपल्या खेळात सहज चालून गेला, हीसुद्धा इतिहासाची नोंद आहे. ती पुसली की कंपनी सोज्वळ दिसते आणि काळ होता त्यापेक्षा निर्मळ भासतो.

आक्षेप घ्यावा कसा, याचा दाखला महाडइतका दुसरीकडे क्वचितच सापडेल. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडमध्ये भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतलेल्यांवर हल्ला झाला होता, त्या पार्श्वभूमीवर ही परिषद भरली होती. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्याला पाठिंबा दिला. कोणतं पुस्तक, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, हे सगळं हजारो माणसांसमोर घडलं. आणि ते पुस्तक जगातून नाहीसं करण्याचा कुणाचा इरादा नव्हता. बाबासाहेबांनी पुढे कितीतरी वर्षं मनूचे श्लोक आकड्यांसकट उद्धृत करून त्यांची चिरफाड केली. श्लोकच कुणी मुकाट्याने गाळले असते, तर अन्याय सिद्ध करायला पुरावा कुठून आणला असता?

त्यांच्याच लिखाणावर कात्री चालवण्याची वेळ आली तेव्हाही ते तसेच वागले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, आणि मग भाषणातला काही भाग वगळा म्हणून गळ घातली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वखर्चाने छापलं, आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यातच दिला. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर ही भर पडली. मूळ मजकूर, त्यावरचा आक्षेप आणि प्रत्युत्तर, तिन्ही एकाच पुस्तकात वाचायला मिळतात. खेळांच्या कंपन्यांनी हे पुस्तक याच एका कारणासाठी जरी चाळलं तरी त्यांचं भलं होईल.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. 'राजी' हा पुराणकथांवर बेतलेला खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढला, 'इंडस'ही पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. उद्या कुणी रायगडावर खेळ रचील आणि त्यातला पोशाख, झेंडा किंवा एखादा संवाद कुणाला तरी खटकेल. 'छावा' चित्रपटात संभाजीमहाराज लेझीम खेळतात, त्या दृश्यावरून जानेवारी २०२५ मध्ये वाद झाला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते काढलं. निदान चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र असतं आणि बोर्डाने काय कापायला लावलं याची यादी त्या प्रमाणपत्राला जोडलेली असते. खेळांसाठी भारतात असं मंडळ नाही. कंपनी सांगेल तेवढंच कळतं.

अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. त्यात मिळणारेही मुळासारखे राहिले नाहीत, तर अभ्यासकाने काय वाचायचं?

जुनं रूप राखणं अवघड मुळीच नाही. संगणकावर खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या दुकानात निर्मात्याने मनावर घेतलं तर जुनी आवृत्ती वेगळ्या पर्यायात ठेवता येते, आणि काही निर्माते ती ठेवतातही. नव्या आवृत्तीसोबत काय काढलं आणि का काढलं, हे चार ओळींत लिहिणं तर त्याहून सोपं. फोनवर मात्र जुनं रूप निवडता येत नाही. ऑनलाइन खेळ जुन्या आवृत्तीवर उघडतच नाही, आणि पोलादपूरच्या पडवीतल्या पोराला अपडेट नाकारण्याची सोयच कुणी दिलेली नाही.