मावशी-भाच्याचा हिशेब

१९३८ सालचा नाताळ. स्वीडनमधील कुंगेल्व या लहानशा गावाबाहेर बर्फातून दोघेजण चालले होते. भाचा ऑटो फ्रिश पायांना स्की बांधून, तर साठ वर्षांची मावशी लीझ माइटनर पायीच. बोलणे चालले होते एका पत्राविषयी.

पत्र बर्लिनहून आले होते. बाईंचे तीस वर्षांचे सहकारी ऑटो हान यांचे. ज्यू कुळात जन्मल्यामुळे त्याच वर्षीच्या जुलैत माइटनरबाईंना जर्मनीतून गुपचूप निघून जावे लागले होते. हान यांनी कळवले होते की, युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले असता चक्क बेरियम सापडते! खडा मारावा आणि डोंगर दुभंगावा, तसलाच हा प्रकार.

दोघे एका ओंडक्यावर बसली. कागदाच्या चिठोऱ्यांवर आकडे उमटू लागले. अणुगर्भ पाण्याच्या थेंबासारखा लांबतो, मध्ये बारीक होतो आणि तुटतो, असे मानले तर दोन्ही तुकडे एकमेकांना सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने दूर लोटणार. पण एवढी ऊर्जा आणायची कोठून?

अणुगर्भांच्या वस्तुमानाचे गणित बाईंना तोंडपाठ होते. वजाबाकी केली, तो दोन्ही तुकडे मिळून प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाइतके वस्तुमान कमी! ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, हे आइन्स्टाइनने १९०५ साली सांगितले होते. त्या सूत्रात आकडा घातला. उत्तर आले, जवळजवळ तेच २० कोटी!

वाचकहो, वस्तुमान आणि ऊर्जा ही दोन निराळी खाती नव्हेत, खाते एकच. आपल्या पणतीच्या उजेडाबरोबरही वस्तुमानाचा अंश निघून जातो, पण तो इतका सूक्ष्म की कोणत्याही तराजूला त्याचा पत्ता लागू नये. उलट, अवघ्या एका ग्रॅमची पुरती ऊर्जा झाली, तर अडीच कोटी युनिट विजेइतकी भरेल. १९४५ साली हिरोशिमावर बाँब पडला, तेव्हा ऊर्जारूपाने बाहेर पडलेले वस्तुमान एका ग्रॅमहूनही कमी होते.

तो बाँब बनवण्याच्या कामाचे निमंत्रण माइटनरबाईंना आले होते. त्यांनी ते साफ नाकारले. पुढे या शोधाचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. बाईंच्या वाट्याला ते कधीच आले नाही. मात्र १९६८ साली त्यांनी डोळे मिटले, तेव्हा बाँबच्या पापात आपला हात नाही, एवढा हिशेब त्यांच्यापाशी चोख होता.