ल्युकेमियाग्रस्त मांजराची कैफियत

रस्त्यावरून उचलून आणलेल्या मांजराला पशुवैद्याकडे नेले, त्याच्या रक्ताचे दोन थेंब चाचणीच्या पट्टीवर पडले आणि काही मिनिटांत तेथे नको असलेली दुसरी रेघ उमटली, की ज्या घरात कालपर्यंत त्याचे नाव काय ठेवावे याची खलबते चालू होती, त्याच घरात आज त्याच्या हद्दपारीची तजवीज सुरू होते. ‘फेलाइन ल्युकेमिया’ हे शब्द कानी पडताच माणसे इतकी घाबरी का होतात याची तहकीकात केली, तर त्यांच्या भयाचा बराचसा भाग जुन्या आणि अर्धवट ज्ञानातून आलेला आढळतो. एके काळी संशोधकांनीच ज्या शंका प्रामाणिकपणे उपस्थित केल्या आणि पुढे संशोधकांनीच ज्या फेटाळून लावल्या, त्या लोकांच्या बोलण्यात मात्र सिद्धान्ताच्या थाटात वावरत राहिल्या. अशा मांजराला काही काळ सांभाळून, म्हणजे आजच्या बोलीत ‘फॉस्टर’ करून, पुढे योग्य घरी द्यावे असे ज्याच्या मनात येते, त्याची पहिली गाठ पडते ती या समजुतींशी.

सर्वांत रूढ समजूत अशी की, हा मांजरांचा रक्ताचा कर्करोग असून तो एकाकडून दुसऱ्याला लागतो. वस्तुतः लागतो तो एक विषाणू, आणि कर्करोग हा त्या विषाणूच्या अनेक संभाव्य परिणामांपैकी केवळ एक होय. १९६४ साली ग्लासगो विद्यापीठातील पशुरोगतज्ज्ञ विल्यम जॅरेट आणि त्यांचे सहकारी यांनी, एकाच घरातील अनेक मांजरांना लसिकापेशींचे अर्बुद व्हावे हा निव्वळ योगायोग नसावा या संशयाचा पाठपुरावा करीत असता, तो विषाणू प्रथम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आणि अर्बुदाच्या वाटेने त्याचा शोध लागल्यामुळे त्याला मिळालेले नावही त्याच व्याधीचे राहिले. प्रत्यक्षात बाधित मांजरे बहुधा आजारी पडतात ती अस्थिमज्जा खचून होणाऱ्या पांडुरोगाने, किंवा प्रतिकारशक्ती ढासळल्यामुळे एरवी किरकोळ ठरणाऱ्या अन्य संसर्गांनी. ‘मांजरांचा एड्स’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो विषाणू आणखी निराळा. तो १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला, प्रायः बोक्यांच्या भांडणांतील खोल चाव्यांतून पसरतो, आणि त्याचा परिणामही पुष्कळदा सौम्य असतो. दोन्हींची चाचणी एकाच पट्टीवर होत असल्याने लोक त्यांची सरमिसळ करतात एवढेच.

घरातल्या माणसांना, विशेषतः मुलांना, हा रोग होईल ही भीती मात्र कोणी हसण्यावारी नेऊ नये, कारण ती एके काळी विद्वानांनाही वाटली होती. या विषाणूचे काही उपप्रकार प्रयोगशाळेत मानवी पेशींत वाढू शकतात असे दिसून आल्यावर पशुवैद्य आणि मांजरे पाळणारी कुटुंबे यांची पुढील काळात तपासणी झाली. तथापि या विषाणूमुळे एकाही मनुष्याला रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. कुत्र्यालाही तो नैसर्गिकरीत्या होत नाही. या भयातून जे संशोधन झाले ते अगदीच वाया गेले नाही, हा त्यातला सुखद भाग: मांजरांच्या या विषाणूवर वर्षानुवर्षे काम केलेले हार्वर्डचे मॅक्स एसेक्स हेच पुढे, मानवातील एड्सच्या मुळाशी तशाच कुळाचा विषाणू असावा असे मांडणाऱ्यांत अग्रेसर ठरले. एक सावधगिरी तेवढी रास्त आहे. प्रतिकारशक्ती गमावलेल्या मांजराच्या अंगी अन्य संसर्ग असू शकतात. म्हणून घरात कर्करोगावरचे उपचार घेणारी किंवा अवयवारोपण झालेली व्यक्ती असल्यास तिने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच असे मांजर सांभाळावे. ज्यांना या विषाणूचे खरे भय आहे ते मार्जारकुळातले अन्य सोयरे होत. २००७ साली स्पेनमधील दोन्याना अभयारण्यातल्या दुर्मीळ इबेरियन लिंक्सना, आणि त्याच्या काही वर्षे आधी फ्लोरिडातल्या पँथरांना, पाळीव मांजरांकडून आलेल्या याच विषाणूने ग्रासले होते.

आता त्या पट्टीवरच्या रेघेकडे वळू; कारण माझ्या मते सर्व अनर्थाचे मूळ त्या रेघेला दिल्या जाणाऱ्या दर्जात आहे. ती प्राथमिक जबानी असते, आणि आपण तिला अखेरचा फैसला मानतो. ही चाचणी विषाणूचे पी-२७ नावाचे प्रथिन शोधते. ते रक्तात आहे की नाही एवढेच ती सांगते. ते तेथे किती काळ राहील हे सांगण्याचे तिच्या अधिकारात नाही. संसर्ग झालेल्या मांजराच्या शरीरात पुढे जे घडते त्याचे मार्ग भिन्न आहेत: कोणी विषाणूला आरंभीच समूळ परतवून लावते, कोणाच्या रक्तात तो काही आठवडे दिसून मग दिसेनासा होतो, मात्र त्याच्या आनुवंशिक मजकुराची प्रत पेशींच्या गुणसूत्रांत, दप्तरात पडून राहिलेल्या जुन्या अर्जाप्रमाणे, कारवाईविना शिल्लक राहते, आणि कोणाच्या अस्थिमज्जेत तो कायमचे ठाण मांडतो. या तिसऱ्या प्रकारालाच खऱ्या अर्थाने प्रगतिशील संसर्ग म्हणावे. दुसऱ्या प्रकारातले मांजर सहसा विषाणू बाहेर टाकत नाही, पुष्कळदा सामान्य आयुष्य जगते. फक्त त्याचे रक्त दुसऱ्या मांजराला देता कामा नये, आणि गंभीर आजारात किंवा स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रांखाली तो झोपलेला विषाणू पुन्हा जागा होण्याची शक्यता लक्षात ठेवावी. भटक्या मांजरांना त्वचा आणि तोंड यांच्या विकारांवर स्टेरॉइडची सुई सढळ हाताने टोचण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, ती या दृष्टीने अगदीच अविचाराची वाटते.

शिवाय साधा हिशेब पाहा. अमेरिका आणि कॅनडा येथील १८,०३८ मांजरांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विषाणूच्या चाचणीत सकारात्मक ठरलेल्यांचे प्रमाण शेकडा २.३ होते. समजा, शंभर मांजरांत खरोखर बाधित दोनच आहेत आणि चाचणी निरोगी शंभरांतील दोघांनाही चुकून दोषी ठरवते. तर रेघ उमटलेल्या चारांपैकी दोघे निर्दोष निघतील. यास्तव दिसण्यात धडधाकट असलेल्या मांजराचा निकाल दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे प्रयोगशाळेतील प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणीने किंवा पीसीआरने, पडताळून पाहावा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा रुजुवात करावी. याच्या उलट अंगानेही फसगत होते. संसर्गानंतर ते प्रथिन रक्तात दिसू लागण्यास महिनाभर लागू शकतो. तेव्हा काल रस्त्यावरून आलेल्या मांजराचा आजचा नकारार्थी दाखला हा निर्दोषत्वाचा परवाना नव्हे, तेही किमान तीस दिवसांनी पुन्हा तपासले पाहिजे. पिल्लू लहान असल्याने, किंवा आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे, चाचणी व्यर्थ होते असे जे सांगितले जाते ते येथे लागू नाही. ही चाचणी प्रतिपिंडे न शोधता विषाणूचे प्रथिनच शोधत असल्यामुळे कोणत्याही वयात करता येते.

‘मग त्याचे दिवस भरलेच म्हणायचे’, हे वाक्य अशा वेळी कोणीतरी उच्चारतेच. रोग गंभीर आहे, आणि त्यावर विषाणूचे समूळ उच्चाटन करणारे औषध नाही, हे निखालस खरे. चिवट संसर्ग झालेल्या मांजरांचा निदानोत्तर आयुष्याचा मध्यांक साधारण अडीच वर्षांच्या आसपास सांगितला जातो. परंतु मध्यांक म्हणजे मृत्यूची मुक्रर तारीख नव्हे, निम्मी मांजरे त्या रेषेच्या पलीकडे जगली असाही त्याचा अर्थ होतो. संसर्गित मांजरांचा मागोवा घेणाऱ्या २०२१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, रक्तातील विषाणू-प्रथिनाचे प्रमाण जास्त असलेल्या मांजरांपैकी निम्म्यांना दीड वर्षही लाभले नाही, तर ते प्रमाण कमी असलेल्यांपैकी बहुसंख्य चार वर्षांनंतरही हयात होती. लहानपणी बाधा झालेल्या पिल्लांचे भवितव्य बिकट, प्रौढपणी झालेल्यांचे त्या मानाने सुसह्य. वाढत्या वयाबरोबर या विषाणूला विरोध करण्याची नैसर्गिक शक्ती मांजरात येते. अमेरिकेतील मार्जारचिकित्सकांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ चाचणी सकारात्मक आली एवढ्याच कारणाने मांजराला मृत्यू देऊ नये असे स्पष्ट नमूद केले आहे. यातनांनी व्याकूळ झालेल्या जीवाला सोडवणे आणि खेळत्या जीवाला एका कागदावरून संपवणे, या दोहोंतला भेद कोणा सहृदय मनुष्याला समजावून सांगावा लागू नये.

घरात आधीची मांजरे असताना काय करावे, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. या विषाणूचे मुख्य वाहन लाळ होय. एकमेकांना चाटणे, एका ताटलीत जेवणे, चावणे, तसेच गर्भातून व दुधातून पिल्लांकडे जाणे, हे त्याच्या प्रसाराचे मार्ग. म्हणजे तो भांडणापेक्षा सलोख्यातून अधिक पसरतो. वाऱ्यावर तो तरंगत येत नाही. दवाखान्यात शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या मांजरापासून, दोघांचा स्पर्श आणि भांडी अलग असली तर, धोका नाही. तेव्हा आश्रय देणाऱ्याने स्वतंत्र खोली, स्वतंत्र ताटल्या, स्वतंत्र मातीचा ट्रे आणि प्रत्येक भेटीनंतर साबणाने हात धुणे एवढा बंदोबस्त केला, तर दोन खोल्यांच्या सदनिकेतही तात्पुरते संगोपन शक्य होते. जाळीच्या दारातून नाकाला नाक लावणे मात्र बंद ठेवावे. ‘दोघे भांडत नाहीत, मग एकत्र राहू देत’ हा युक्तिवाद येथे नेमका घातक ठरतो.

लसीविषयी थोडक्यात. अमेरिकेत पहिली लस १९८५ साली बाजारात आली. ती निरोगी मांजराचे रक्षण करते, संपूर्णतः नव्हे; बाधित मांजराला तिचा काहीही उपयोग नाही. आपल्याकडे मांजरांना सर्रास दिली जाते ती त्रिगुणी लस वेगळ्या तीन रोगांवरची असते, आणि ‘आमच्या मनीला सगळ्या लशी दिल्यात’ असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते की त्या ‘सगळ्या’त ही नाही.

बाधित मांजराची जोपासना फारशी अवघड नाही, पण तीत हयगय चालत नाही. त्याला कायम घरातच ठेवावे, त्याची नसबंदी करून घ्यावी. शस्त्रक्रिया सोसणार नाही ही समजूत प्रकृती बरी असलेल्या मांजराच्या बाबतीत निराधार आहे. पिसवांचा नायनाट करावा, दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि वजन यांची नोंद ठेवावी. आपल्या किनारपट्टीच्या घरांत मासळी साफ करताना कच्ची डोकी मांजरासमोर टाकण्याची प्रथा आहे. ती डोकी उकडून घालावीत, कच्चे मांस टाळावे. हिरड्या फिकट दिसल्या, तोंड आले, ताप भरला, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये, कारण निरोगी मांजराला जो अवकाश असतो तो याला नसतो.

राहिला प्रश्न घर मिळण्याचा. ‘असले मांजर कोण घेणार?’ हे आपण इतक्या खात्रीने विचारतो की उत्तराची वाटच पाहत नाही. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात ‘ऑस्टिन पेट्स अलाइव्ह’ या संस्थेने अशा मांजरांना दत्तक देण्याचा स्वतंत्र उपक्रम चालवला आहे, आणि रोगाची पूर्ण माहिती असूनही त्यांना नेणारी कुटुंबे तिला मिळत आली आहेत. योग्य घर म्हणजे जिथे दुसरे मांजर नाही, किंवा आहे ते याच विषाणूने बाधित आहे. पंधरा-वीस वर्षांची जबाबदारी घेण्यास जे कचरतात, असे निवृत्त गृहस्थ किंवा एकटी राहणारी माणसे, हे अशा मांजराचे उत्तम पालक ठरू शकतात. मात्र त्यांना ‘थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे’ असे सांगणेही खोटेच, कारण ते मांजर आठ वर्षेही सोबत करील. दत्तक देताना चाचण्यांच्या तारखा, पद्धती आणि निकाल यांचे कागद सुपूर्त करावेत, आणि न जमल्यास मांजर आपल्याकडेच परत यावे अशी लेखी कबुलायत घ्यावी. रोग लपवून दिलेले मांजर दुसऱ्याच्या घरातील निरोगी मांजराला बाधा देते, आणि पुढच्या खेपेस खरे बोलणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. ‘जिथून आणले तिथे सोडून द्यावे’ हा मार्ग तर दोन्ही बाजूंनी वाईट: माणसाळलेले मांजर उपाशी मरते आणि मरेपर्यंत मोहल्ल्यातल्या पिल्लांना विषाणू देत राहते. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावराचा सबळ कारणावाचून त्याग करणे हा प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली गुन्हाही आहे.

असे मांजर दत्तक गेल्यावर किंवा वारल्यावर घर वर्षभर मांजरांना वर्ज्य मानावे, असाही एक सल्ला ऐकू येतो. तो मुळात दुसऱ्याच रोगाचा आहे. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया, ज्याच्या नावातही तसाच ध्वनी आहे, त्याचा विषाणू खरोखरच महिनोन्‌महिने फरशीवर आणि अंथरुणात तग धरतो, आणि साध्या साबणाला दाद देत नाही. ल्युकेमियाचा विषाणू मात्र शरीराबाहेर, कोरड्या जागी, काही तासांतच निष्प्रभ होतो. साबण, धुण्याची पावडर, नेहमीचे जंतुनाशक यांपैकी काहीही त्याला पुरते. भांडी आणि अंथरूण धुऊन वाळवले, मातीचा ट्रे बदलला, की काही दिवसांनी ती खोली पुढच्या पाहुण्यास खुली करण्यास हरकत नाही. फक्त त्या पाहुण्याचीही चाचणी, आणि तीस दिवसांनी फेरचाचणी, आधी ठरवून ठेवावी.