संदर्भचित्र : आधार की उसनवारी?

संगणकाच्या पडद्यावर चित्र काढताना दुसरे चित्र समोर ठेवणे म्हणजे चोरी, असा पुष्कळांचा समज आहे. खरा चित्रकार सारे मनातून काढतो, असे ते म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. मनालाही आधी डोळ्यांनी काही पुरवावे लागते.

धावत्या घोड्याचेच पाहा. चित्रकार त्याचे चारी पाय पुढे-मागे ताणून काढीत. झेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली रंगविलेल्या एप्समच्या शर्यतीतले घोडे असेच आहेत. १८७८ साली मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. त्यांत दिसले की, चारी पाय अधांतरी असतात ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. पिढ्यान्‌पिढ्यांची चूक संदर्भचित्राने दुरुस्त केली.

परंतु संदर्भच चुकीचा निघाला तर? नागपूरचे मिहान ज्या जमिनीवर उभे आहे, ती खापरी, शिवणगाव, तेल्हारा अशा गावांची. समजा, तेथली पूर्वीची शेती आपणांस चितारावयाची आहे. शोधताच लांब, टोकदार शिंगांच्या खिलार बैलाचे छायाचित्र हाती आले आणि आपण तेच गिरविले. चित्र सुबक होईल. पण बैल माणदेशचा! नागपूर-वर्ध्याकडचा गवळाऊ बैल आखूड शिंगांचा, हलक्या बांध्याचा. जी शेते इमारतींखाली गेली, त्यांची ओळख निदान चित्रात तरी पुसू नये.

म्हणून एकाच छायाचित्रावर विसंबू नये; चार-पाच घ्यावीत. एकातून शरीराची ठेवण पाहावी, दुसऱ्यातून जू व दोर, तिसऱ्यातून उन्हाचा रंग. प्रकाशाची दिशा मात्र एकच ठरवावी. नाही तर प्रत्येक सावली निराळ्या बाजूस पडते. छायाचित्र खालच्या थरावर ठेवून गिरविण्यापेक्षा शेजारी ठेवून पाहावे. गिरविल्याने बाह्यरेषा तेवढी मिळते. हाडामांसाची घडण पाहूनच कळते.

आणखी एक गोष्ट. १९५७ च्या कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दुसऱ्याचे छायाचित्र जसेच्या तसे उतरवावयाचे, तर परवानगी घ्यावयास हवी. त्यापेक्षा पोळ्याच्या दिवशी जवळच्या गावी जावे, बैल डोळे भरून पाहावा, मालकाला विचारून स्वतः छायाचित्रे घ्यावीत. असा संदर्भ आपला असतो, आणि खराही असतो.