घरबसल्या धनलाभ : दोष कोणाचा, दायित्व कोणाचे?

विनासायास पैसा मिळवून देण्याचे आमिष काही आजचे नव्हे. 1920 साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी चार्ल्स पाँझी नामक गृहस्थाने 45 दिवसांत शेकडा 50 नफा देण्याचे वचन देऊन हजारो लोकांची पुंजी गोळा केली. नव्यांच्या ठेवींतून जुन्यांना नफा वाटावयाचा, एवढाच त्याचा व्यापार होता. काही महिन्यांतच तो कोसळला. आज तोच प्रकार मोबाईलच्या वाटेने आमच्या खेड्यापाड्यांत शिरला आहे.

त्याची रीत ठरलेली असते. अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो, की चित्रफितींना पसंती दर्शवा आणि घरबसल्या पैसे मिळवा. आरंभी शे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. परंतु ती मजुरी नसून गळाला लावलेले आमिष असते. मग टेलिग्रामवरील एका गटात प्रवेश मिळतो. तेथे आपल्या नफ्याचे गोडवे गाणारे सभासद बहुधा ठकांचेच साथीदार असतात. पुढील कामासाठी आधी रक्कम भरावी लागते. पडद्यावर लाभाचे आकडे फुगत जातात, आणि पैसे काढू गेल्यास आधी कर भरा, शुल्क भरा, असा तगादा सुरू होतो. मुलीच्या लग्नासाठी राखलेली पुंजी अशी पाहता पाहता नाहीशी होते.

अशा वेळी गावकरी विचारतात, "एवढा लोभ कोणी सांगितला होता?" लोभ हे पाप खरेच, परंतु फसलेला प्रत्येक मनुष्य लोभी असतो असे नव्हे. बेकार पदवीधराने वा संसाराला हातभार लावू पाहणाऱ्या गृहिणीने काम शोधणे हा लोभ कसा? यरीहोच्या वाटेवर घायाळ पडलेल्या वाटसरूला शोमरोनी मनुष्याने, "तू या वाटेने का आलास?" असे विचारले नाही, आधी त्याच्या जखमा बांधल्या.

मग दायित्व कोणाचे? पहिले अर्थातच ठकाचे. पैशांच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा आपल्या देशात 1978 सालापासून आहे. परंतु ठक कित्येकदा परदेशात बसलेला असतो. त्याचा पैसा मात्र कोणत्या तरी बँकेतूनच जातो. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून असा नियम झाला, की फसवून पाठवावयास लावलेली रक्कम विशिष्ट मर्यादेपर्यंत ग्राहकास परत मिळावी, आणि तिचा भार पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकांनी निम्मा-निम्मा उचलावा. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने मात्र, ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक दिला असल्यास तक्रार करीपर्यंतची हानी त्याच्याच माथी ठेवली होती. ठकाला खाते देणारी बँक आणि त्याच्या जाहिरातीचे पैसे घेणारी कंपनी यांनीही हानीचा वाटा उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या खिशाला झळ लागल्याखेरीज पहारेकरी जागा राहत नाही.

परंतु एक दायित्व आपल्या उंबरठ्याच्या आत आहे. थोड्या दलालीसाठी आपले बँकखाते, कार्ड वा सिम परक्याच्या स्वाधीन करणारे तरुण खेड्यांतही आढळतात. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून पुढे सरकतो. "मी कोणाला फसविले नाही," हे त्यांचे समाधान पोकळ आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली प्रसृत केलेला धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेच्या विवेचनात सांगतो, की चोरीत सहभागी होणारा वा जाणूनबुजून तिचा लाभ घेणारा आपल्या वाट्याच्या प्रमाणात भरपाईस बांधलेला असतो. जक्कयाने तर चौपट परत करण्याची तयारी दर्शविली. आईबापांनी मुलांना हे वेळीच समजावावे.

फसवणूक झाल्यास लाजेने गप्प बसू नये. तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेसही सांगावे; लवकर कळविल्यास पुढे सरकणारी रक्कम गोठविता येणे शक्य असते. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन कधीच लागत नाही, ही एक गोष्ट घरातील वृद्धांनाही शिकवून ठेवावी. आणि रविवारच्या मिस्सेनंतर धर्मगुरूंनी व जाणत्यांनी या विषयावर चार शब्द बोलावेत. ज्या धर्मग्रामात फसलेल्याची थट्टा होत नाही, तेथेच तो वेळेवर तोंड उघडतो, आणि त्याचा शेजारी वाचतो.