‘उषःकाल’ आणि सुलतानगड



भोर-वेल्ह्याकडील वाचक हरि नारायण आपटे यांची ‘उषःकाल’ कादंबरी हातीं घेतो, तेव्हां त्याच्या मनांत बहुधा एक प्रश्न प्रथम येतो: यांतील सुलतानगड म्हणजे आमचा कोणता किल्ला? कोणी तोरण्याचें नांव घेतो, कोणी रोहिड्याचें. वस्तुतः हें नांव कादंबरीकारानें कल्पिलेलें आहे. मग तें असेंच कां कल्पिलें, हा विचार अधिक फलदायी होईल.

आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलें, आणि १८९५ ते १८९७ या काळांत त्यांतून ‘उषःकाल’ क्रमशः प्रसिद्ध झाली. शिवाजीमहाराजांच्या उदयाचा काळ हा तिचा विषय.

आमच्या डोंगरांत किल्ल्याचें नांव ही क्षुल्लक गोष्ट नसते. महाराजांनीं तोरणा घेतला व त्याचा प्रचंडगड झाला. मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला. रोहिड्यास विचित्रगड म्हणूं लागले. अलीकडे वेल्हे तालुक्यालाही राजगड हेंच नांव देण्यांत आलें. नांवावरून सत्ता कोणाची, हें ओळखावें, अशी येथील रीत आहे. सुलतानगडाचे दगड या मातींतले, त्याचा किल्लेदार रंगराव अप्पा याच मातींतला. नांव मात्र विजापूरच्या धन्याचें. एका शब्दांत ग्रंथकारानें त्या काळाची सारी स्थिति सांगून टाकली आहे. प्रतीक म्हणतात तें यालाच.

रंगराव अप्पा बादशहाचे एकनिष्ठ सेवक. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं बेइमानी करूं नये, हा त्यांचा धर्म. त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांचें मन मात्र स्वराज्याकडे ओढ घेतें. येथें उतावीळ वाचक अप्पांना घरभेदी ठरवून मोकळा होतो. परंतु पहांटेच्या आकाशाकडे पाहावें. पूर्वेकडे उजेड फुटलेला असतो, पश्चिमेस रात्र अजून असते. आकाश मात्र एकच. तसें एकाच घरांत बाप आणि लेक उभे आहेत. अप्पांची निष्ठा खोटी नाहीं. तिचा काळ सरत आला आहे, आणि तेंच त्यांचें दुःख. ‘उषःकाल’ हें नांव राज्याइतकेंच त्या घरालाही लागू आहे.

ही कथा प्रथम वाचणाऱ्या पुण्यांतील कित्येक सुशिक्षित घरांची भाकर इंग्रज सरकारच्या चाकरीवर चाले. आपण कोणाचें मीठ खातों, आणि आपल्या गडावर नांव कोणाचें, हा प्रश्न त्यांच्याही माजघरांत उभा राहिला असेल, असें मला वाटतें.

मात्र प्रत्येक दिव्यांत व प्रत्येक वृक्षांत गूढार्थ शोधूं नये. माझी कसोटी साधी आहे: ती वस्तु काढून टाकली असतां कथेचा अर्थ उणा होतो काय? दिव्याच्या जागीं मशाल ठेवली तर बहुधा कांहीं बिघडत नाहीं. सुलतानगडास दुसरें एखादें नांव दिलें, तर बापलेकांमधील तेढीचें मर्मच निघून जातें.

ही कादंबरी आपण पुन्हा वाचावी, आणि या वेळीं अप्पांच्या बाजूनें वाचावी. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या जुन्या निष्ठांकडे पाहण्याची दृष्टि त्यानें थोडी निवळेल.