खाशाबांना न मिळालेली ३० मिनिटं

स्नायू दमतो म्हणजे आत नेमकं काय होतं, ते आज एका कुस्तीवरून बघू.

१९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीईशी बराच वेळ झुंजून हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं केलं. नियमाने मध्ये ३० मिनिटं विश्रांती हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. तीही कुस्ती गेली. हाती आलं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

पण त्या अर्ध्या तासात काय भरून निघालं असतं?

स्नायू चालतो एटीपीवर. त्याचा साठा दोन-तीन सेकंदांचा. मग पॉवर बँक लागते, ती म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. तीही दहाएक सेकंदांत उतरायला लागते. पुढे ऑक्सिजनची वाट न बघता ग्लायकोजेन फोडलं जातं. त्यात कुस्तीत पकड आवळली, की ताठलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. मग ऑक्सिजन येणार कुठून?

'लॅक्टिक अॅसिड भरलं' असं आपण सर्रास म्हणतो. लॅक्टेट बिचारं फुकट बदनाम झालंय, हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं! मोठा संशयित आहे क्रिएटिन फॉस्फेट फुटून साचणारं सुटं फॉस्फेट. ते स्नायूतल्या प्रथिनांची ओढ कमी करतं आणि कॅल्शियमचा सिग्नलही अडवतं. वाढलेल्या आम्लतेचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. गंमत म्हणजे एटीपी पूर्ण संपतच नाही. फोन तापल्यावर प्रोसेसर जसा स्वतःच मंदावतो, तसा स्नायू आधीच वेग उतरवतो.

विश्रांती मिळाली की क्रिएटिन फॉस्फेट पाचेक मिनिटांत बहुतेक भरतं. आम्लता जास्त असेल तर थोडं उशिरा. लॅक्टेट निम्मं व्हायला वीसेक मिनिटं लागतात. आमच्या सांगलीकडे वस्ताद लढत झाल्यावर पोरांना बसू देत नाहीत, फेऱ्या मारायला लावतात. ते बरोबरच आहे, हलक्या हालचालीने लॅक्टेट लवकर हटतं.

म्हणजे अर्ध्या तासात खाशाबांची पॉवर बँक भरली असती, आम्लताही बरीच उतरली असती. ग्लायकोजेन मात्र नाही. त्याला नीट जेवण आणि जवळपास एक दिवस लागतो.

आणि साताऱ्याचा यवतेश्वर घाट पळत उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, त्याचं काय? लॅक्टेट तर तासाभरातच गेलेलं असतं. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तेव्हा तंतूंना झालेल्या बारीक इजा दुखत असतात.